कारणाचा रकाना
जयनगरच्या आमच्या ऑफिसातला सर्व्हर महिन्यात तीनदा कोसळला आणि साहेबांनी मेमो दिला मला! माझा गुन्हा काय, तर मी ड्यूटीवर होते.

मग सिस्टिम विकणाऱ्या कंपनीचा इंजिनियर आला, पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेला, कानडी मिसळून बोलणारा मराठी माणूस. चपला दाराबाहेर काढून बसला. त्याने दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कवर मुद्दाम माहितीचं एक वाकडंतिकडं पॅकेट सोडलं. सर्व्हर लगेच आडवा! बाहीला पुसून त्याने फ्लॉपी घातली, दुरुस्ती केली, पुन्हा तसंच पॅकेट सोडलं. सर्व्हर चालूच राहिला.

"अक्का, खोट आमच्या सिस्टिममध्ये होती, तुमची स्वल्पही चूक नाही," तो म्हणाला आणि रिपोर्टात कारणाच्या रकान्यात तेच ठळक अक्षरांत लिहिलं.

साहेबांनी न वाचताच सही ठोकली. माझ्या मेमोवरही मेल्याने अशीच ठोकली होती.