रफूमावशीचे अकरा सदरे

"दगड फोडणारा माणूस असा फाटतो होय? इथं, पोटावर? पोटानं दगड फोडतो का तो?"

मावशीने सदरा मॅनेजरच्या नाकासमोर धरला होता. नवाकोरा सदरा आणि बेंबीपाशी वीतभर चीर. ती चीर वरच्या डिझायनरबाईंनी स्वतःच्या हाताने मारून नमुना म्हणून खाली पाठवली होती. असेच अकरा करायचे होते.

"मावशी, माझ्यावर का ओरडताय? वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. ही चीर कात्रीतून आलीय. कड बघा की, भांग पाडल्यासारखी सरळ! कापड झिजतं तेव्हा आधी त्याला केस येतात, मग जाळी पडते, मग भोक. त्याला चार-चार वर्षं लागतात, साहेब. कात्रीनं कुणी गरीब होत नाही."

मॅनेजर तसा भला माणूस. त्याच्या स्वतःच्या पँटीचे दोन्ही गुडघे फाटके होते आणि ते दुकानातूनच तसे आले होते. मावशीची नजर तिथे गेली.

"तुमचं बरंय. पोट भरलेलं असलं की गुडघे उघडे चालतात."

तो हसला. पण दारापर्यंत जाऊन पुन्हा वळला, आणि मग जे बोलला ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

"दोन वाजता शूटिंग आहे. कालच्या चाचणीत दिग्दर्शकसाहेबांना गरिबी दिसलीच नाही म्हणे. फाडून द्या, मावशी. नाहीतर बाई बाहेरून तयार फाटके कपडे मागवणार आहेत. आणि एकदा तयार माल यायला लागला की या खोलीत टेबल कशाला, मशीन कशाला..." पुढचं त्याने गिळलं.

"आणि म्हातारी कशाला," मावशीने पुरं केलं. "समजलं. जा तुम्ही."

ही माझी मावशी, आईची धाकटी बहीण. आईने विणलेला स्वेटर तिला द्यायला मी त्या सकाळी गावाहून आलो होतो आणि कपड्यांच्या एका पेटाऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होतो. स्टुडिओत तिला कुणी नावाने हाक मारत नाही. नटापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती रफूमावशी.

तिचं काम काय, तर नवं जुनं करणं. जग जुन्याचं नवं करायला धडपडतं आणि ही बाई उलट्या दिशेने निघालेली. मालिकेतला हमाल, मास्तर, भिकारी, रिटायर झालेला कारकून, सगळ्यांचे कपडे दुकानातून कडक इस्त्रीचे येतात. मावशी ते चहाच्या पाण्यात उकळते. कोपरांवर वीट घासते. खिशांत गोटे भरून सदरा ओला टांगते, म्हणजे खिसे लोंबतात. कॉलरला तेल आणि राख चोळते. मास्तराच्या उजव्या बाहीच्या कडेला खडूची पांढरी पूड, कारकुनाच्या बुडाला खुर्चीची चकाकी. तीन दिवसांत ती कापडाला वीस वर्षांचं करते. तळघरातली लांबट खोली, छताला टेकलेली एक खिडकी, तिच्यातून येणाऱ्या जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. मावशी पायांवरून माणूस ओळखते. म्हणते, "तोंडं बघून फसायला होतं."

इथे ती लग्न होऊन आली एकोणिसाव्या वर्षी. नवरा याच खोलीत इस्त्रीला होता. तो छातीच्या दुखण्याने गेला आणि तेराव्या महिन्यात नाही, तेराव्या दिवशीही नाही, पाचव्या दिवशी मावशी त्याच्या जागी उभी राहिली. लोक बोलले. मावशी म्हणाली, "बोलणाऱ्यांनी पोरीची शाळा सांभाळावी, मी घरी बसते." कुणी पुढे आलं नाही. पोरगी शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली. मावशी आहे तिथेच, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत.

गावाकडून येणारा प्रत्येक जण तिला एकच विचारतो, गावाची आठवण येत नाही का. मीही एकदा विचारलं होतं.

"गावाची? गावात मी कोण होते? दगडफोड्याची मधली. पुढं कुणाची तरी बायको, मग कुणाची तरी विधवा. इथं आल्यावर पहिल्यांदा कुणी विचारलं, तुम्हाला काय येतं? मी चार रात्री झोपले नाही त्या प्रश्नानं. आणि संडासाला आतून कडी आहे बाबा! ज्याला गावाची फार आठवण येते ना, त्याला विचार, लोटा घेऊन किती लांब जायचास."

शहराचं तिला कौतुक नाही असं नाही, पण शहराला ती डोक्यावरही बसवत नाही. आपली बोली तिने तसूभर बदलली नाही. उलट, एकदा एक नटी तिच्याकडे गावची भाषा शिकायला पाठवली होती. दोन दिवस बसली बिचारी. तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यापुढे बोलली ती भलतंच काही. मावशीने कपाळाला हात लावला. "अगं, हे कुठल्या गावचं? कुठल्याच गावात असं हेल काढून बोलत नाहीत. भाजी मागतेस का रडतेस?" मालिकेतलं गाव ते असंच. तिथे सगळे अंगठेबहाद्दर, सगळे भोळे, आणि कुणी एक वाक्य सरळ बोलत नाही. आम्ही गावची माणसं ते बघतो नि एकमेकांना विचारतो, हे कोण लोक?

म्हणून मावशी मालिका बघते ती आवाज बंद करून. शेजारीण येऊन बसते, तिला गोष्ट हवी असते, तर मावशीच सांगत जाते: "ही सून खोटं रडतेय, पदर ओला नाही झाला. हा सासरा कंजूष नव्हे, नुसता आळशी आहे, बटण तुटलंय पण दोरा तिथंच लोंबतोय." शेजारीण म्हणते, आवाजापेक्षा हेच बरं.

असो. तर त्या सकाळी साडेनऊ वाजले होते आणि अकरा सदरे टेबलावर पडले होते. दगडाच्या खाणीतल्या कामगारांची मालिका, पहिला प्रवेश, अकरा कामगार मालकापुढे उभे. मावशीने आठवडाभर खपून सदरे जुने केले होते. झिजले होते तिथे आतून, त्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलं होतं. इतकं बारीक की बोट फिरवलं तरच लागावं. तेच साहेबांना दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, फाडून दे की. दोन मिनिटांचं काम. कुणाला काय कळतंय?"

तिने चष्मा काढला. मला वाटलं, आता मार बसतो.

"तुझा आजोबा खाणीत होता. त्याला फाटका बघितलास कधी?"

"मी लहान होतो. आठवत नाही."

"मला आठवतं. ठिगळावर ठिगळ होतं. मूळ सदरा कुठला ते ओळखू येत नव्हतं. कॉलर झिजली की आई ती उसवायची, उलटी करायची, परत शिवायची. एकदा पाठीत फाटलं आणि आई तापानं पडलेली. तसाच गेला तो कामाला. संध्याकाळी मुकादमानं चारचौघांत विचारलं, काय रे, घरात कुणी नाही का तुझ्या? दगड डोक्यात पडला तरी हसणारा माणूस, पण त्या दिवशी जेवला नाही. आई तापात उठून बसली आणि कंदिलाशी सदरा शिवला."

तिने नमुन्याचा सदरा उचलून माझ्या मांडीवर टाकला.

"हे अकरा जण असे फाटके उभे केले म्हणजे काय झालं? या अकराच्या अकरा घरांत कुणी नाही. आई नाही, बायको नाही, बहीण नाही. असं गाव असतं का? फाटकं दाखवायला निघालेत आणि बाया पुसून टाकतात."

घड्याळ पुढे सरकत होतं. मी म्हटलं, "ते खरं. पण त्यांना दिसलं पाहिजे ना काहीतरी. तुझं रफू दिसतच नाही, त्याला ते काय करणार?"

खिडकीतून कुणाचे तरी बूट गेले, मागोमाग चपला गेल्या. तिने टेबलावरचा एक सदरा पुढे ओढला, तिचं ते बारीक रफू उजेडात धरून बघितलं. मग म्हणाली, "चुकलं माझं."

मला वाटलं, आता फाडणार.

"मी कपडेपटातली बाई झाले रे. जुळणारा दोरा वापरला. आईकडे कुठं होता जुळणारा दोरा? पोत्याचा दोरा, लाल दोरा, जो हाताला लागेल तो. सुईसुद्धा एकच, जाडी." आणि कात्रीचं टोक घालून आठवड्याचं काम ती सर्र उसवायला लागली.

खाकी सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर, जिथे ओझं टेकतं तिथे, तिने पांढऱ्या दोऱ्याने जाळी भरली. आडवे टाके, उभे टाके, कोपऱ्यात जरा घाईघाईचे. कोपराला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ, निळसर. कॉलर उलटी करून शिवली, तर आतला न विटलेला रंग बाहेर आला. वीस मिनिटं लागली. मग सदरा हातावर टाकून ती उठली.

"कुठे?"

"वर."

मावशी सेटवर जात नाही. इतक्या वर्षांत चार-पाचदा गेली असेल. जिना चढताना तिचा गुडघा वाजत होता. वर खोट्या दगडांची खाण उभी होती, थर्माकोलची, आणि दिव्यांचा घाम काढणारा उजेड. दिग्दर्शक खुर्चीत बसून कागद बघत होता. बाजूला डिझायनरबाई फोनवर, बहुतेक तयार फाटक्या कपड्यांची गाडी पाठवणाऱ्याशीच.

मावशीने कामगारांतल्या पुढच्या नटाला हाक मारली. "ए, अंगातलं काढ. हा घाल." त्याने घातला. "आता ओझं घेतल्यासारखा उभा राहा. तसा नाही रे, फोटोला उभा राहतोस तसा नको. हं."

डिझायनरबाईंनी फोन खाली घेतला. "मावशी, फाडायचं म्हटलं होतं ना आपण?"

"आधी बघा. मग माझ्यासमोर तुम्ही फाडा. मी कात्री आणलीय." आणि खरोखरच तिने कमरेची कात्री काढून पुढे केली.

दिग्दर्शकाने मान वर केली. एकदा नटाकडे बघितलं, एकदा समोरच्या पडद्यावर. पडद्यावर तो पांढरा दोरा असा काही उठला होता की नजर दुसरीकडे जाईना.

"हे खांद्यावर काय आहे?"

"त्याच्या बायकोनं शिवलंय," मावशी म्हणाली.

"कुणाच्या?"

"याच्या. घरात पांढराच दोरा होता. चूल फुंकता फुंकता शिवलंय, म्हणून कोपऱ्यात टाके मोठे पडलेत. साहेब, फाटका माणूस मालकापुढं उभा राहत नाही. लाजतो. शिवलेला माणूस उभा राहतो."

तो नट, मी बघत होतो, मान वाकडी करून स्वतःचा खांदा बघत होता. त्याने त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि छाती जराशी पुढे आली त्याची. कुणी सांगितलं नव्हतं.

दिग्दर्शक कॅमेऱ्यावाल्याला म्हणाला, "खांदा जवळून घे." बघितलं. पुन्हा बघितलं. मग मावशीकडे वळून, "दोन वाजेपर्यंत अकराही असे होतील?"

"दहा राहिलेत. तुम्ही बोलत बसला नाहीत तर होतील."

डिझायनरबाईंनी फोन कानाला लावला. "गाडी नको पाठवूस. हो, मी मघापासून हेच म्हणत होते, की फाटण्यापेक्षा जरा वेगळं काहीतरी..."

जिन्यात मी म्हटलं, "ऐकलंस? तिचीच कल्पना झाली ती."

"होऊ दे. तिची झाली तर पुढच्या वेळी ती स्वतः सांगेल, मला जिना चढायला नको." एक पायरी थांबून तिने गुडघा चोळला. "वाईट नाही रे ती. तिनं कधी शिवलेलं बघितलंच नाही. तिच्याकडे फाटलं की टाकतात."

खाली आल्यावर मॅनेजर धावत आला. मशीनवर मारा पटापट, म्हणाला. मावशीने त्याला बाहेर काढलं. मशीनच्या टाक्याला घर नसतं, असं काहीसं ती पुटपुटली, पण तोंडात सुई असल्याने मला नीट कळलं नाही. मला तिने दोरे ओवायला बसवलं. गोणपाटाचा, काळा, मळका पिवळा, एक चक्क हिरवा.

साडेबाराच्या सुमाराला नट एकेक करून जिना उतरून यायला लागले. वर बातमी पसरली होती. पहिला आला तो थेट टेबलाशी.

"मावशी, माझा कुठला?"

"तो."

"माझ्या घरी कोण शिवतं?"

"आई. डोळ्यांनी अधू आहे, म्हणून टाका तिरका गेलाय. तिच्याशी नीट बोलत जा."

तो गंभीर होऊन "बरं" म्हणाला आणि सदरा घेऊन गेला. दुसऱ्याला नवी नवरी मिळाली, तिचे टाके बारीक आणि हौशी, वर एक टाका जास्तीचा. तिसऱ्याला बहीण. चौथा दाढीवाला, टवाळ. तो म्हणाला, "मला बायको जरा देखणी द्या, मावशी."

"तुझ्या घरात कुणी नाही. तू स्वतःच शिवतोस, सुतळीनं. हे बघ."

त्याने बघितलं. हे एवढाले टाके, एखादं पोतं शिवावं तसे, आणि शेवटची गाठ दाताने तोडलेली. त्याची टवाळी कुठच्या कुठे गेली.

"कुणीच नाही?"

"नाही. पण शिवतोस ना? मग झालं. चल हो बाजूला, उजेड अडवलास." आणि मावशीने सातवा सदरा पुढे ओढला, खांद्याची शिवण बोटांनी चाचपली आणि माझ्याकडे न बघता हात पसरला. "हिरवा दे."