भटूआप्पांचा हिरवा उजेड

"टॉवर, आम्ही गो-अराउंड करतोय. कॉकपिटवर लेझर मारलाय कुणीतरी."

सुरतच्या विमानतळावर मी कंट्रोलर, म्हणजे विमानांना उतरायची परवानगी देणारा. नुकतं अंधारलं होतं. धावपट्टी समोर असताना विमान उतरायचं सोडून पुन्हा वर चढलं. गो-अराउंड म्हणजे हेच, एक फेरी मारून परत यायचं. को-पायलटला हिरव्या झगमगाटाशिवाय काही दिसेना. शेवटी कॅप्टनने विमान उतरवलं.

उजेड शहरातल्या लिंबायत वस्तीतून, पाण्याच्या टाकीजवळून आला, असं कॅप्टन म्हणाला. मी पोलिसांना कळवलं. तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरचा फोन आला.

"माणूस सापडला. पण आपलं काही चुकलं हे त्याला पटतच नाही. तुमच्या धुळ्याकडचा आहे, येता का?"

पोलीस ठाण्यात भटूआप्पा बसले होते. तीस वर्षं कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेला माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून, सत्काराला आल्यासारखे.

"आप्पा, विमानावर लेझर कशाला मारला?"

"मन्ही पोर व्हती ना त्या इमानमा. तिले समजाले पाहिजे, बाप गच्चीवर उभा शे."

लेक कविता, एअर होस्टेस. सुरतच्या विमानावर तिची पहिलीच ड्यूटी होती. पुढचं ऐकून हसावं की रडावं, मला कळेना. विमान दुसऱ्यांदा घरावरून गेलं, तेव्हा लेकीनेच आपला उजेड बघून ते फिरवून आणलं, असं आप्पांनी धरलं होतं. त्या आनंदात गल्लीत पेढे वाटले होते. मला हा माणूस फार आवडला, आणि त्याचा रागही आला.

"पण साहेब, एवढासा तर ठिपका," आप्पा म्हणाले.

मी हवालदाराची बॅटरी घेतली. भिंतीवर उजेड पाडला आणि मागे सरकत गेलो. गोल मोठा होत गेला.

"लेझरचंही असंच. तुमच्या हाताशी ठिपका, वर पोचेपर्यंत कॉकपिटची सगळी काच हिरवी. पायलटला धावपट्टी दिसत नाही."

"आन् कविताले?"

"उतरताना ती दाराजवळ पट्टा बांधून बसते. तिला पुढचं काही दिसत नाही. तुमचा उजेड दिसला तो फक्त पायलटांना. तिचा जीव त्यांच्याच हातात होता."

आप्पांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली.

"म्हणजे मी मन्ही पोरना जीववर उठनू," ते हळूच म्हणाले. मला पुढे काही समजवावं लागलं नाही.

लेझर जप्त झाला. को-पायलटचे डोळे चार दिवसांत ठीक झाले, म्हणून आप्पा लेखी माफी आणि सक्त ताकीद यावर सुटले. कविता आठवडाभर बापाशी बोलली नाही. मग तोडगा तिनेच काढला. विमान उतरून प्रवासी बाहेर पडले की ती बापाला मिस्ड कॉल देते.

आमच्या रिपोर्टमध्ये उजेडाचा रंग, दिशा, वेळ असे रकाने आहेत. माया हा रकाना नाही, आणि तो नाही तेच बरं. काचेवर आलेला उजेड मायेचा असो की खोडीचा, पायलटला सारखाच आंधळा करतो.

कविताचं विमान आलं की मी 'क्लिअर्ड टू लँड' म्हणतो आणि एकदा लिंबायतकडे बघतो. गच्चीवर आप्पा उभे असतात, हे मला माहीत आहे. तिथून काहीच चमकत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.