ढुंढिराजची वही

काशीत दूधविनायकच्या गल्लीत वेबसाइटी बनवणाऱ्या ढुंढिराजकडे कोडच्या तुकड्यांची जाडजूड वही होती. त्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. "समजून काय करायचंय? उतरवायचं, चिकटवायचं," असं तो वर ऐटीत सांगे.

मालविका त्याची चुलत बहीण. घाटावर श्राद्धविधी करणाऱ्या तिच्या वडिलांच्या वेबसाइटवर त्याने तिथीवरून तारीख काढणारा तुकडा तसाच डकवला. तो हिंदी पंचांगाचा होता. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एक पुढे असतो, हे भिक्षुकाच्या घरात जन्मूनही या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. नागपूरच्या एक बाई नवऱ्याच्या आश्विन वद्य पंचमीच्या श्राद्धासाठी महिनाभर आधीच पंचगंगा घाटावर येऊन उभ्या राहिल्या.

"आता पुन्हा कशी येऊ हो, गुरुजी?"

वडिलांची मान खाली गेली. मालविका तरातरा ढुंढिराजकडे आली.

"इतकंच ना?" म्हणत ढुंढिराजने वहीत टीप लिहिली: मराठी यजमान, एक महिना वाढवा.

"आणि शुद्ध पक्षात? तिथे दोघांचा महिना एकच असतो, दादा."

"अरे यार मालू, चल जाएगा!"

मालविका थेट वडिलांच्या घरी गेली. तिने दारावरचा वेबसाइटच्या पत्त्याचा कागद फाडला आणि तिथे खडूने वडिलांचा फोन नंबर लिहिला.