गच्चीवरचा किरणमापक

१९ एप्रिल. चार दिवस लग्नासाठी पैठणला होते, त्यामुळे कॉलेजात आल्याआल्या आधी गच्चीवर ऊन मोजणाऱ्या किरणमापकाची काच पुसायला गेले. पारव्यांनी ती माखून ठेवली होतीच. पण पश्चिमेच्या कठड्यावर आमच्या संस्थाध्यक्षांचा दहा फुटी चेहरा उभा होता. वाढदिवसाचा फ्लेक्स. मागून शिपाईमामा म्हणाले, "क्रांती चौकातून दिसला पाह्यजे म्हने. लई मोठा फोटो हाय मॅडम, सूर्य झाकला पार."

खरंच झाकला होता. खाली संगणकावर पाहिलं, तर तीन दिवस दुपारी तीननंतर आलेख चाकूनं कापल्यासारखा खाली पडलेला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

पृथ्वीवरून किती उजेड, किती उष्णता वर परत जाते ते उपग्रह मोजतो. त्यावरून जमिनीवर किती ऊन पोचलं याचा हिशेब मांडतात. तो बरोबर आहे की नाही, हे आमच्यासारख्या ठिकाणच्या मोजणीशी ताडून ठरवतात. हवामान किती तापतंय हे पुढं त्यावरूनच सांगायचं. आमची नोंद खोटी निघाली, तर इतक्या वर्षांची मोजणी केराच्या टोपलीत.

विभागप्रमुखांकडे गेले. ते पेढा खात होते.

"मॅडम, उपग्रहाचे आकडे मिळतात ना? तेवढ्या तासांना तेच भरा. उद्या पाठवायचंय."

"सर, ज्याला तपासायचं त्याचंच उत्तर उतरवून घ्यायचं? मग तपासलं काय?"

"कोण बघतंय? फ्लेक्स काढायचं मात्र बोलू नका. आठवडाभर राहू द्या. पेढा घ्या."

भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. बोटांना लागलेलं तूप रुमालाला पुसत हे सांगत होता. पेढा तिथंच ठेवला.

जिन्यात मामांना म्हटलं, "काढायचा का?"

"नाय हो मॅडम, माझी नोकरी जाईल."

त्यांचं बरोबर होतं. माझी काही इतक्यात जात नाही.

२० एप्रिल. सकाळी मामा यायच्या आत पक्कड घेऊन वर गेले, तारा तोडल्या, फ्लेक्सची घडी घालून प्रमुखांच्या दारात ठेवली. मग आकडे पाठवले. त्या तीन आणि कालची अशा चार दुपारी कोऱ्या सोडल्या आणि कारणाच्या जागी लिहिलं: अध्यक्षांच्या चेहऱ्याची सावली.