कपाटाची चावी

लेकीचं, केयाचं पोस्टर टांगायला सतीशने ड्रिल लावलं आणि भिंतीने त्याच्या तोंडावर पिचकारी मारली. आखातातल्या अल नहदामधल्या त्या फ्लॅटमध्ये पाण्याचा पाइप नेमका तिथून जातो, हे अर्चनाने सांगितलं होतं. पण हातात ड्रिल आलं की नवऱ्यांना बायकोचं ऐकू येत नाही.

बिल्डिंगच्या मेन्टेनन्सचा किसन धावत आला. गुहागरकडचा गडी. त्याने आधी पाणी बंद केलं, मग भिजलेल्या साहेबांना खुर्ची दिली. एरवी तो अर्चनाला म्हणाला असता, "वहिनी, साहेबांच्या हातात फक्त रिमोट देत जा!" आज मात्र तो थेट पाइपकडे वळला.

केया पोस्टर पुसत होती. शाळेचं प्रोजेक्ट, अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा. सगळी माणसं समान जन्मतात, स्वातंत्र्य हा जन्मसिद्ध हक्क, वगैरे.

"बट बाबा, द मेन हू रोट इट ओन्ड स्लेव्ह्ज! वॉज दॅट लीगल?"

"होतं बाळा. तेव्हाचा कायदाच तसा होता," कान पुसत सतीश रुबाबात म्हणाला. "आता तसं चालत नाही."

किसन थबकला. "साहेब, परवा शनिवारी गावाला आईचं ऑपरेशन हाय. सही करायला घरात दुसरं कुणी नाय. रजा मिळाली, पण पासपोर्ट हापिसच्या कपाटात."

"अरे, कंपनीला तुझा पासपोर्ट ठेवताच येत नाही! इथला कायदा आहे!"

"मग तुम्ही बोलता?"

सतीशने किसनच्या कंपनीत पासपोर्ट सांभाळणाऱ्या तहसीनला फोन लावला. बॉसशीसुद्धा तो इतक्या जोरात कधी बोलला नव्हता. पलीकडे ढोल वाजत होते.

"हबीबी, पासपोर्ट एकदम सेफ है! भाई की शादी में गाँव आया हूँ, चाबी भी साथ आ गई. मंडे को, इन्शाल्ला. खलास?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, तर लागेना. कंपनीच्या ऑफिसात विचारलं, तर कपाट तहसीनभाईंचं, दुसरी चावी नाही.

"तक्रार करू या," सतीश म्हणाला. मोबाइलवर सरकारच्या कामगार खात्याकडे ती केलीही. अर्ज मिळाला, लवकरच संपर्क करू, असं उत्तर आलं. लवकर म्हणजे परवाच्या आत, असं कुठेच लिहिलं नव्हतं. अर्चनाने न विचारता चहा ठेवला.

समोर पोस्टर होतं, म्हणून सतीश त्यातलंच बोलला.

"धीर सोडू नकोस किसन. हक्क आहे तुझा. जन्मापासूनचा!"

किसन पाइपला टेप गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "हक्क राहू दे साहेब, कपाट कोण उघडतो ते सांगा."