शुक्रवारचा भोपळा

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नऊ माणसांचा. एक आयरिश, दोन बांगलादेशी, एक ब्राझीलचा, बाकी आपले. सगळ्यांचं दुखणं एकच: पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्ही जपानमध्ये परदेशी म्हणून राहत होतो आणि अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. मी इकडे न्यू जर्सीला, वेस्ट विंडसरमध्ये येऊन राहिलो त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. पण ग्रुपवर मी असा बोलतो, की जणू कालच मिझोनोकुची स्टेशनवर उतरून, टाय सैल करून त्या गल्लीत शिरलो होतो.

ग्रुपचं काम ठरलेलं आहे. जे अजून तिथेच राहतात ते फोटो टाकतात. अमुक बार बंद झाला, तिथे आता औषधांचं दुकान आहे. तमुक गल्ली पाडली, टॉवर होतोय. मग बाकीच्यांनी हळहळायचं. हल्लीची जपानी पोरं पीत नाहीत, बॉसबरोबर बसत नाहीत, कराओकेसुद्धा म्हणे एकेकटी खोलीत कोंडून घेऊन गातात. वाचणाऱ्याला वाटावं, ती रात्रीची दुनिया आम्ही उभी केली होती आणि नंतरच्यांना ती सांभाळता आली नाही. खरं म्हणजे मी तिथे भरपूर सोड्यात नावापुरती व्हिस्की घालून प्यायचो आणि दुसऱ्या ग्लासाला मला जांभया यायला लागायच्या.

आमचा अड्डा म्हणजे एक 'स्नॅक'. खायचा नव्हे, तिकडे गल्लीतल्या छोट्या बारला तसं म्हणतात. एका लाँड्रीच्या वर, अरुंद जिना चढून जायचं. आठ स्टुलं, एक काउंटर, पलीकडे मालकीण. अशा मालकिणीला सगळे 'मामा' म्हणतात. केस वर बांधलेल्या, पन्नाशीच्या त्या बाईंना पहिल्यांदा मामा म्हणताना मला आमचे साताऱ्याचे मामा दिसायला लागले, मिशांसकट, आणि जीभ वळेना. मग वळली. तिथे गिऱ्हाइकाने आपली बाटली ठेवून द्यायची पद्धत असते. गळ्यात नावाचा बिल्ला घालून बाटली फळीवर आपली वाट बघत उभी. माझा बिल्ला निळा होता. त्यावर मामाने माझं आडनाव जपानी लिपीत लिहिलं होतं आणि शेजारी एक हत्ती काढला होता. त्याला शेपूट काढायची राहिली होती. जिन्याची चौथी पायरी करकरायची. बसल्याबसल्या हातात मिळणाऱ्या गरम टॉवेलला किंचित लिंबाचा वास यायचा. बँकेतून निवृत्त झालेला एक म्हातारा रोज तेच रडकं गाणं म्हणायचा आणि रोज एकाच ओळीला अडकायचा.

हे सगळं मी इथे इतक्या वेळा सांगितलंय, की प्रिन्स्टन जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर माझ्या शेजारी उभं राहायचं लोक टाळत असावेत. मंडळाच्या पार्टीत मात्र फर्माईश होते. "काका, ती मामाची गोष्ट सांगा ना." मी आढेवेढे घेतो आणि सांगतो. हत्ती येतो, म्हातारा येतो, लोक हसतात. बायकोही हसते, ऐकून ऐकून कंटाळलेली असली तरी.

त्या गोष्टीतली एक जागा मी कायम गाळत आलो. डब्याची.

जपानमध्ये पिऊन उशिरा घरी जाणारा नवरा हातात खाऊची एक पुडी घेऊन जातो. बायकोचा राग कमी व्हावा म्हणून. मामाला ठाऊक होतं, की माझ्या घरी बायको आहे, तान्ही मुलगी आहे, आणि आम्ही मासे खात नाही. तिकडच्या भाजीच्या रश्शातसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. म्हणून दर शुक्रवारी ती माझ्या बायकोसाठी वेगळा रस्सा करायची, समुद्री शेवाळ आणि वाळवलेले मशरूम घालून, आणि त्यात लाल भोपळ्याच्या फोडी मंद शिजवायची. काळा लाकडी डबा, आतून लाल, वर कापड बांधलेलं. "हे ओकुसानला," म्हणजे घरच्या वहिनींना. आणि दर वेळी पुढे म्हणायची, "एकदा घेऊन या त्यांना. लवकर या, तेव्हा इथे कोणी नसतं. बाळालाही आणा."

मी कापड बॅगेत कोंबायचो आणि घरी सांगायचो, भोपळा स्टेशनवरच्या दुकानातून आणला.

का? याचं उत्तर द्यायला लाज वाटते, कारण लपवण्यासारखं काही नव्हतंच. घरी मी 'ऑफिसच्या लोकांबरोबर जेवण' एवढंच सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. पण बार, बाई आणि 'तिने तुझ्यासाठी करून दिलंय' हे तीन तुकडे एका वाक्यात बसवले की काय होईल, ते वाक्य रविवारच्या फोनवरून पुण्याला कसं पोचेल आणि तिथून सासूबाई काय उत्तर पाठवतील, याची मला धास्ती होती. एकदा दुकान म्हटलं, मग पुढच्या शुक्रवारीही दुकानच म्हणावं लागलं. डबा धुऊन ठेव, दुकानवाले परत घेतात, असंही सांगितलं. जपानबद्दल शिस्तीचं काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.

बायकोला तो भोपळा फार आवडायचा. दोन खोल्यांचं घर, भाषा येत नाही, नवरा अकराला येणार. मधल्या वारी ती मुलीला पाठीशी बांधून स्टेशनच्या तळघरातली खाण्याची दुकानं फिरायची, तो भोपळा शोधत. मिळायचा नाही. "फक्त शुक्रवारी ठेवतात," मी म्हणायचो.

असं दोन वर्षं.

गेल्या ऑगस्टमध्ये माझा एक मित्र फ्रीमाँटहून आला. मूळचा नागपूरचा. जपानमध्ये तो माझ्याच कंपनीत होता, तेव्हा सडाफटिंग, आणि शुक्रवारी माझ्या शेजारच्या स्टुलावर. मुलाला स्टेट कॉलेज नावाच्या गावी युनिव्हर्सिटीत सोडून, परतीच्या वाटेवर दोन रात्री आमच्याकडे राहिला. आमची मुलगीही फिलाडेल्फियाहून वीकेंडला आली होती. शनिवारी जेवायला बसलो आणि आमचं सुरू झालं. गल्ली, जिना, म्हातारा.

"काका, बाबा म्हणतात तो म्हातारा रडायचा. इज दॅट ट्रू?" मुलीने विचारलं.

"रडायचा नाही गं. त्याला सर्दी होती, बारमाही," मित्र म्हणाला. "तुझा बाबा मसाला लावून राहिला."

सगळे हसलो. बायकोने त्याच्या ताटात भाजी वाढली. लाल भोपळ्याचीच होती, मेथ्यांची फोडणी दिलेली. तो भाजीकडे बघत राहिला.

"वहिनी, एक सांगू काय? राग नका मानू. बरेच वर्षं पोटात आहे."

"सांगा ना भावजी."

"तुम्ही त्या मामाला कधी काही पाठवलं नाही, ते काही बरोबर नव्हतं बा. दर शुक्रवारी तुमच्यासाठी डबा यायचा आणि परत जाताना कोरडाठाक. माझी आई असती तर चिमूटभर साखर तरी घालून पाठवली असती."

"कुठला डबा?"

"अहो, भोपळ्याचा. काळा."

"तो स्टेशनवरच्या दुकानातला," बायको म्हणाली आणि वाक्य संपायच्या आत माझ्याकडे वळली.

मित्र हसायला लागला होता. माझा चेहरा बघून थांबला. "काय बे," तो हळू म्हणाला, "सांगितलं नव्हतंस?"

मी सांगितलं. आत्ता वर लिहिलंय तेवढंच, पण अडखळत, आणि कुठेही हशा न घेता. बायकोने मध्ये एकदाच विचारलं.

"डबा मी धुऊन द्यायचे तो तू तिला न्यायचास?"

"हो."

"रिकामा."

"तुला दुकानाचा वाटायचा ना."

"मला वाटायचा. तुला माहीत होतं."

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या घरात कोणी कोणाला शिकवत नाही. इथेसुद्धा समोरच्या गुजराती काकूंचा डबा आला, की काही नसेल तर चार बदाम टाकून जातो. आणि जपानी लोक या बाबतीत आपल्यापेक्षा कडक. म्हणजे दोन बाया, दोघींना एकच रीत ठाऊक, आणि मध्ये मी.

"तिने विचारलंही होतं बे तुला," मित्र पुटपुटला. मग त्यालाच वाटलं, बोलायला नको होतं. "जाऊ दे."

"काय विचारलं होतं?" बायको म्हणाली.

"म्हणजे... ओकुसानला आवडत नाही काय, की माझ्यावर राग आहे? हा बोलला..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "हा बोलला, नाही नाही, आमच्यात तशी पद्धत नाही."

मला हे आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. मामा काउंटरवर डबा उघडते, आत बघते, झाकण लावते, इथपर्यंत दिसतं. पुढे काही नाही. पण मित्राला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, आणि वाक्य अगदी माझ्या तोंडचं वाटतं. एका घाईच्या शुक्रवारी मी अख्ख्या महाराष्ट्राच्या वतीने ते सांगून मोकळा झालो असणार.

"सो यू लाइड टू बोथ ऑफ देम," मुलगी म्हणाली. चिडून नाही. हिशेब लागल्यासारखं.

रात्री मित्र झोपायला गेल्यावर मी डिशवॉशर भरायला लागलो. एरवी मला ते जमत नाही, ताटल्या उलट्या लागतात. बायकोने त्या सरळ केल्या नाहीत.

"त्या दोन वर्षांत माझ्याशी बोलायचं कोण, माहितीये?" ती म्हणाली. "थंडीत रॉकेलची गाडी यायची, गाणं वाजवत. तो माणूस. घरात रॉकेल असलं तरी मी कॅन घेऊन खाली उतरायचे. तो म्हणायचा, आज थंडी आहे. मी म्हणायचे, हो, थंडी आहे. तेवढंच यायचं मला."

मी पुढची ताटली लावली.

"आणि एक बाई मला बोलावत होती. दर आठवड्याला."

"हो."

"तिचा पत्ता काढ."

मी ग्रुपवर लिहिलं. मामाचा पत्ता हवा आहे, कोणाकडे आहे का. नेहमीसारखं दोन ओळी मजेच्या लिहायला गेलो आणि खोडल्या.

रविवारी सकाळी उठलो तर खाली बेसन भाजल्याचा वास. बायको लाडू वळत होती. काय पाठवतात, किती दिवसांत पोचतं, कस्टमला तूप चालतं का, हे तिने मुलीला फोनवर शोधायला लावलं होतं. मुलगी वाचून दाखवत होती. मित्र विमानतळाला निघायच्या तयारीत, बॅग दाराशी लावून, शरमिंदा होऊन चहा पीत होता.

आयरिश माणसाचं उत्तर येऊन पडलं होतं. तो अजून तिथेच राहतो, आमच्यातला सगळ्यात जुना. त्याने लिहिलं होतं, करोनाच्या दिवसांत मामाने स्नॅक बंद केला आणि निगाताला बहिणीकडे गेली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथेच वारली. त्याला तिच्या बहिणीचा फोन आला होता, पण ग्रुपवर टाकायला धीर झाला नाही. खाली बाकीच्यांचे जोडलेले हात. आणि त्याखाली एकाने सुरूही केलं होतं, की ती माणसंच वेगळी होती, तसे दिवस आता येणार नाहीत. पुढे मी भर घालावी अशी जागा होती. एरवी घातली असती.

मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. मराठीत, सरळ, एका वाक्यात. पंचवीस वर्षं जमलं नाही ते.

मुलीने फोन पालथा ठेवला. बायकोचा हात थांबला, मग हातातला लाडू तिने वळून पूर्ण केला आणि बाकीच्यांशेजारी ठेवला.

"म्हणजे तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं असेल," ती म्हणाली, "की मी रागावले होते."

"छे गं," मी म्हणालो. "एवढं कोण लक्षात ठेवतं."

"मी ठेवलं असतं," ती म्हणाली, आणि पुढच्या लाडवाचं बेसन हातात घेतलं.