गौरीपुढची परात

आधी कबूल करा की हसणार नाही. नुसती मान हलवून चालायचं नाही, तोंडानं म्हणा. हसलात तर हा चहाचा कप इथंच ठेवून उठून जाईन! बरं, चहा संपवून जाईन. पण जाईन.

तर ऐका. नाशकात आमच्या सासुरवाडीच्या गल्लीत मला कुणी नावानं ओळखत नाही. 'परातवाले जावई' म्हणतात! अहो, मी सटाण्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. सटाण्यात मला मान आहे, रस्त्यानं निघालो तर पोरं विटीदांडू टाकून पळतात. पण सर्व्हिस मोटारीतून धूळ खात नाशकात उतरलो की मी परातवाला.

आणि हे सगळं कशापायी? एका टोमॅटोच्या चकतीपायी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दरसाल सासुरवाडीला जातो. त्या घरात कित्येक वर्षं मी एकुलता एक जावई होतो. पहिला पाट माझा, आमरसाची पहिली वाटी माझी, आणि दुपारी मी माडीवर आडवा झालो की घरात कुणी पाय वाजवायचा नाही. सासूबाई तशा करारी, पण जावयापुढे लोणी. असं सुखात चाललं असताना धाकट्या मेहुणीचं, कमलचं, लग्न झालं आणि वसंतराव आले.

वसंतराव म्हणजे माझे साडू. मुंबईला विमा कचेरीत नोकरी, खिशाला फाउंटनपेन, केसांना सुवासिक तेल, आणि सगळ्यांशी गोड. माणूस वाईट असता तर मला किती बरं वाटलं असतं! पण नाव ठेवायला जागाच नाही हो. आल्या आल्या 'अण्णा, द्या इकडे' म्हणून माझी वळकटीसुद्धा त्यांनीच उचलली. माझं डोकं फिरायला सुरुवात झाली ती तिथून.

त्या संध्याकाळी उकाडा म्हणजे काय विचारता! सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "आज चुलीपुढे बसवत नाही बाई."

"मग बसूच नका," वसंतराव म्हणाले. "चूल न पेटवता मी करतो काहीतरी."

आता बघा, सासूबाईंचं सोवळं कडक. जावई झाला तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. पण जे शिजवलंच नाही त्याला सोवळं कसलं? काकडी कुणीही चिरावी, फळं कुणीही कापावीत. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती, ती या मुंबईकराच्या पहिल्या दिवशी आली! त्यांनी ओसरीवर विळी मांडली. काकडीची चकती, तिच्यावर मुंबईहून आणलेल्या टोमॅटोची चकती, वर दाण्याचं कूट, लिंबू, मीठ आणि कोथिंबिरीचं एक पान. संपलं.

टोमॅटो! 'ते तांबडं विलायती फळ' त्या घरात कधी आलं नव्हतं. सासूबाईंनी एक चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मी मनात म्हणतोय, आता थुंकतील. आता थुंकतील!

डोळे उघडून म्हणाल्या, "चव आहे हो धाकट्यांच्या हाताला!" आणि दुसरी उचलली.

जळलो! लपवायचं काय तुमच्यापासून? अंगाची नुसती लाही लाही झाली. मी याच सासूबाईंचं चित्र रंगवून दिलं होतं, चांगला महिनाभर खपून. ते बघून काय म्हणाल्या होत्या माहीत आहे? "नाक कुणाचं काढलंय?" आणि या माणसानं काकडी चिरली तर हाताला चव!

परवावर अक्षयतृतीया आली होती. सासूबाईंचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्या दिवशी असतं, सगळी गल्ली लोटते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "यंदा हळदीकुंकवाचं फराळाचं मी करणार! चूल न पेटवता! असं रंगीत, की गल्लीत कुणी पाहिलं नसेल!"

आमच्या हिनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, ती मला इरेला घालतेय.

"अहो, पण आंब्याची डाळ मी करते ना," सासूबाई चाचरत म्हणाल्या. "बायका त्या डाळीसाठी येतात."

"डाळसुद्धा मीच करणार. तुम्ही फक्त पन्हं बघा."

जावयाला नाही कोण म्हणणार? त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. माझी लाज तुमच्या हाती हं, जावईबापू." लाज कसली, मी त्यांचं नाव गाजवणार होतो! आणि बायका गेल्यावर सासूबाई चारचौघांत म्हणणार होत्या, चव आहे हो थोरल्यांच्या हाताला. बस, एवढं एक वाक्य मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पिशवी घेऊन बाजारात. माळीणबाई माझ्याकडे बघतच राहिली. "एवढं लय बीट कुनाला वो मास्तर? घोडं पाळलंय का?"

"चित्र काढायचंय."

"बिटाचं?" तिनं शेजारणीकडे बघून डोळे फिरवले. "ऊन लय हाय बाई यंदा."

तिजेच्या दिवशी सकाळपासून मी मागची खोली आतून कडी लावून घेतली. 'कुणी डोकवायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही,' अशी ताकीदच दिली. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या पितळी परातीत काय केलं म्हणता? अख्खा गंगाघाट उभा केला! वाटल्या डाळीचं पिवळंधमक देऊळ. त्यावर आंब्याच्या फोडीचा कळस आणि बिटाच्या पताका. ओल्या खोबऱ्याच्या पांढऱ्या पायऱ्या. हिरव्या द्राक्षांची गंगा, तिच्यात काकडीच्या होड्या, कलिंगडाची कमळं. पायऱ्यांवर भिजवलेल्या हरभऱ्यांची यात्रेकरूंची गर्दी! आणि उजवीकडे खाली, किसलेल्या बिटानं, माझी सही. सही नको? चित्र म्हटलं की सही हवीच.

परात उचलायला दुसरा माणूस हवा, म्हणून वसंतरावांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि 'वा!' केलं. तो 'वा' मनापासून होता, हे आज कळतं. परात कुठे ठेवायची? सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल अशी जागा एकच, पाळण्यात बसवलेल्या गौरीच्या पुढ्यातला चौरंग. ठेवली.

वसंतराव जरा घुटमळले. "अण्णा, शेजारी दोन डाव आणि वाट्यांची चळत ठेवू का? आणि या कडेची थोडी डाळ आधीच काढून..."

"काढून?" मी ओरडलोच. "माझ्या घाटाला खिंडार पाडता?"

"तसं नव्हे, बायकांना कळावं म्हणून..."

"डाव ठेवायला ही काय पंगत आहे? शोभा जाईल सगळी!" त्यांनी आणलेला डाव मी त्यांच्याच हातात परत दिला. मी मनात म्हटलं, जळतोय बेटा. माझं बघून जळतोय! जळणाऱ्याला सगळं जग जळताना दिसतं, दुसरं काय?

बायका यायला लागल्या तसे आम्ही दोघे साडू माडीवर. बायकांच्या हळदीकुंकवात पुरुषाचं काय काम? मी जिन्याच्या दाराशीच बैठक मारली, कान खाली लावून.

"अगंबाई! डोळ्यांचं पारणं फिटलं!"

मी वसंतरावांकडे बघितलं.

"ए चिंगे, हात मागे घे आधी! फटका देईन!"

"बघा," मी म्हटलं, "पोरं तुटून पडलीयत."

"कुणी केलं हो सगळं?"

"आमच्या थोरल्या जावयांनी!" हा सासूबाईंचा आवाज. काय सांगू, माझी छाती सदऱ्यात मावेना.

वसंतराव मात्र कान टवकारून म्हणाले, "अण्णा, वाट्यांचा आवाज येत नाही हो."

"म्हणजे?"

"पन्ह्याचे पेले वाजतायत. पण एवढ्या बायका, आणि एक वाटी नाही वाजत? मी मागल्या दारानं जाऊन कमलला विचारून येऊ का?"

"खबरदार!" मी दारात पाय पसरून बसलो. खाली जाऊन हा माणूस माझं श्रेय घेणार, दुसरं काय? "कलेपुढे माणूस निःशब्द होतो, वसंतराव. मुंबईत तुम्हाला नाही कळायचं ते."

खालून सासूबाई म्हणत होत्या, "बसा हो, एवढ्यात उठायचं नाही. पन्हं घ्या आणखी." पन्ह्याची ही तिसरी फेरी! इतक्यात आमची ही जिन्याच्या पायथ्याशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, फराळाचं झालंय ना? बायका खोळंबल्यात."

"कधीच झालंय सगळं! तू निश्चिंत राहा!"

ती गेली. चित्र बघता बघता बायकांचा पाय निघत नाही, अशी माझी समजूत! थोड्या वेळानं दारात आवाज आले, "येतो हं. बघूनच पोट भरलं!" त्यावर एक बाई खुसकन हसली. मग चपला वाजल्या. मग सगळं शांत.

जिना धडधडत आमची ही वर आली. चेहरा लालबुंद. "फराळाचं कुठंय?"

"कुठं म्हणजे? परातीत."

"कुठल्या परातीत? मागची खोली रिकामी आहे!"

"अगं, गौरीपुढच्या!"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "ती आरास होती ना हो?"

अहो, आता तुम्हीच सांगा, चैत्रगौरीपुढच्या आराशीला कुणी हात लावतं का? बघायची, वाखाणायची, नमस्कार करायचा. हे मला लहानपणापासून ठाऊक! पण डोक्यात वसंतराव बसलेले, तिथं अक्कल कुठं बसणार? धावत खाली गेलो. देवळावर हळदीकुंकू. यात्रेकरूंवर अक्षता. गल्लीतल्या सगळ्यात वडील भागीरथीकाकूंनी तर, गंगा दिसली म्हणून, द्राक्षांत पैसा टाकून हात जोडले होते! माझ्या सहीवर सुद्धा कुंकू होतं.

सासूबाई पाळण्याशी बसल्या होत्या. जावयाला रागावता येत नाही, हाच त्या बाईचा छळ. हळूच म्हणाल्या, "आरास छान झाली हो. पण या घरात आल्यापासून माझ्या दारातून कुणी नुसत्या पन्ह्यावर गेलं नव्हतं." आणि पदर डोळ्यांना लावला. मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी आनंदानं गेलो असतो.

तेवढ्यात ओसरीवर विळीचा आवाज. वसंतराव! उरलेल्या काकड्या, कुठूनसे आणलेले टोमॅटो, कूट, लिंबू. "कमल, धाव! बायका कोपऱ्यापर्यंतच गेल्या असतील. म्हणावं, फराळाचं विसरलं, परत चला!"

आल्या हो, सगळ्या परत आल्या. मी पुन्हा माडीवर, या खेपेला एकटा. आणि खाली वाट्या वाजायला लागल्या. अशा वाजत होत्या, की एकेक वाटी माझ्या टाळक्यात! भागीरथीकाकूंचा आवाज सगळ्यात खणखणीत, "काय चव आहे गं! कुणी केलं?"

"आमच्या धाकट्या जावयांनी."

त्या रात्री मी जेवलो नाही. जावई रुसले, अशी सकाळपर्यंत गल्लीभर बातमी.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंही नसतं. पुढच्या वर्षी सासूबाईंनी शहाणपणानं कामं वाटून दिली. थोरल्यांनी आरास करावी, धाकट्यांनी फराळ. म्हटलं ठीक. आता खरी आराशीचीच आरास करतो! कच्च्या दुधी भोपळ्याचा मोर केला. त्याला कच्च्या बटाट्याची पिसं, कोरड्या हरभऱ्यांचे डोळे, कच्च्या तोंडल्यांचा बगीचा. मीठ नाही, साखर नाही, काही नाही. आराशीला कशाला मीठ? ठेवली गौरीपुढे आणि निवांत माडीवर गेलो.

खाली आवाज काय येतोय? कडाम्. कुडूम्. कचर कचर.

बायका पांगल्यावर उतरून बघतो तर परात रिकामी! मोराचं एक पीस शिल्लक नाही. भागीरथीकाकू तेवढ्या मागे राहिल्या होत्या. भिंतीला टेकून, गाल धरून, उरल्यासुरल्या दातांनी मोराचा डोळा फोडत होत्या.

"काकू! अहो, हे काय केलंत?"

"केलं काय? संपवलं हो सगळं!" काकू मोठ्या मायेनं म्हणाल्या. "गेल्या साली कुणी खाल्लं नाही म्हणून तुम्ही उपाशी झोपलात म्हणे. मी सगळ्यांना बजावलं, बायांनो, कसंही लागो, जावयाचं मन मोडायचं नाही."

माझे डोळे भरून आले. मी वाकून त्यांना नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि माजघराकडे तोंड करून हाक मारली, "अगं कमल, धाकट्यांच्या हातचं काही उरलं असेल तर आण गं बाई. तोंडाला जरा चव येऊ दे!"